सात चोक एकोणतीस

मंगळवारी सकाळी तू गेलीस. तुझा भाऊ वसंत परळच्या इस्पितळातून निघाला, ट्रामने गिरगावात आला आणि माझ्या शाळेच्या फाटकाशी उभा राहिला. मी सहावीच्या वर्गावर होते. शिपाई बोलवायला आला. मी खडू ठेवला आणि खाली आले. वसंत म्हणाला, "मालूताई, सिंधू गेली." मी परत वर गेले, मुलींना पुढचा धडा मनात वाचायला सांगितला आणि मग त्याच्याबरोबर निघाले.

तुझं तेरावं झालं आणि प्रकाशकांचा निरोप आला. म्हणाले, आता टोपणनाव झाकून काय करायचं? शेवटच्या पुस्तकात 'कवडसा' यांच्याविषयी दोन पानं लिहा. जन्म कुठला, शिक्षण काय, स्वभाव कसा. मी कागद घेऊन बसले. 'कै. सिंधू' एवढं लिहिलं आणि पुढे हात चालेना. त्या नावाच्या बाईशी माझी ओळखच नव्हती. तेव्हा मी तुझ्याशीच बोलते. वाचणाऱ्या मुलांनी हवं तर दाराआड उभं राहून ऐकावं. चोरून ऐकायला त्यांना आपणच शिकवलं आहे.

त्या मुलांसाठी एवढं सांगायला हवं, की 'कवडसा' नावाचे कुणी गृहस्थ कधीच नव्हते. परळच्या म्युनिसिपल शाळेतली एक मास्तरीण लिहायची आणि गिरगावातली दुसरी ते तपासून स्वच्छ उतरवून काढायची. मुलांची पत्रं मात्र 'श्री. कवडसा यांस' अशीच येत राहिली. एकाने विचारलं होतं, आपण स्वतः हेर होता काय, आणि आपणांस मिशी आहे काय. "लिही, दोन्ही आहे पण खोटं आहे," असं तू म्हणालीस. मी ते तसंच लिहून पाठवलं.

आपली भेट ट्रेनिंग कॉलेजातली. पण मैत्री झाली ती वेणू आणि गजामुळे. लालबागच्या चाळीत राहणारी चौदा वर्षांची दोन मुलं, गिरणीतल्या छपाईच्या नमुन्यांची चोरी पकडतात, हे तू मला पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी हसले होते. मुलांसाठी हेरकथा लिहायची तर तीत भुयार हवं, काळोख हवा, असं माझं मत. मी पुष्कळ वाचलेलं होतं. तुझ्या कथेत भुयार नव्हतं. होता तो नियम. हेरांनी दिवेलागणीच्या आत घरी यायचं, हात-पाय धुवायचे आणि परवच्याला बसायचं. आधी पाढे, मग श्लोक.

"अगं, गोदामात चोर रात्रीच येणार ना?" मी म्हणायची.

"मग त्यांना दुपारी बोलाव."

"चोर असे ऐकतात होय?"

"आपण लिहितोय ना. ऐकतील."

"रात्रीशिवाय हेर म्हणजे..."

"म्हणजे आईचा मार न खाणारा हेर," तू म्हणालीस. "तुला माझ्या वर्गातली पोरं माहीत नाहीत, मालू. दिवा लागल्यावर जो घराबाहेर आहे, त्याला आई चाळभर हाका मारते. अख्ख्या लालबागला ज्याचं नाव कळलं तो कसला हेर?"

मला पटलं नव्हतं. दर पुस्तकाला मी एक रात्र मागायची आणि दर पुस्तकाला तू ती नाकारायचीस. हे भांडण आपण इतकी वर्षं पुरवलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी लालबागला यायची, तुमच्या गॅलरीत चटईवर बसून आपण भांडायचो, आणि सूर्य कलायला लागला की मीच आधी चपला शोधायची. आमच्या घरी दादाला बायकामाणसं दिवे लागल्यावर बाहेर राहिलेली चालत नसत. मी कमावती होते, माझे केस कानांपाशी पिकायला लागले होते, तरी चालत नसे. "वेणूपेक्षा तुझीच शिस्त कडक," तू म्हणायचीस, आणि नाक्यापर्यंत सोडायला यायचीस.

आणखी एक नियम होता. जे आपल्याला चालून पाहता येत नाही, ते वेणूला करायला लावायचं नाही. म्हणून एका शनिवारी परळपासून दादरपर्यंत तू पुढे आणि मी तुझ्यावर पाळत ठेवून मागे, असं ठरलं. तू मला चुकवायचंस, मी तुला चुकू द्यायचं नाही. दादरला पोचेपर्यंत मी चांगली हेर होते. मग फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा ढीग लागला. किती वेळ गेला कळलं नाही. कानाशी तुझा आवाज आला, "मी चुकवून पुढे गेले, वाट बघितली, परत आले, तुझ्या मागे उभी राहिले. तू पान उलटतेस."

ते सगळं तू पुस्तकात घातलंस. वेणूच्या मागावर असलेला माणूस पुस्तकांपाशी थांबतो आणि वेणू निसटते. सातारच्या एका मुलाने लिहिलं, बाकी सारे छान आहे, परंतु पाठलाग करणारा इसम वाचत उभा राहतो हे पटत नाही. मला अजूनही त्या पुस्तकात तेवढंच पटतं.

दुसऱ्या पुस्तकात तू पाढ्यांची खूण काढलीस. वेणू आणि गजा समोरासमोरच्या चाळींत राहतात, दिवेलागणीनंतर भेटू शकत नाहीत, पण परवचा दोघेही मोठ्याने म्हणतात. तेव्हा मुद्दाम चुकायचं. कुठला पाढा चुकला यावरून निरोप कळायचा. तेराचा चुकला तर धोका, सातचा चुकला तर आपला माणूस सुखरूप. आणि ज्या ओळीला चूक, तो खोलीचा नंबर. रस्त्यातून जाणाऱ्याला वाटणार, पोर ढ आहे.

ते पुस्तक दिवाळीत निघालं आणि सुट्टी संपून शाळा भरल्या तशी परळ-लालबागची मुलं पाढे चुकायला लागली. तुझ्याच वर्गात एक मुलगी तेरा पाचे सहासष्ट म्हणून शेजारणीकडे बघून हसली. लेखक समोर उभा आहे हे तिला काय माहीत. तू तिला उभं केलंस आणि बरोबर पाढा तीनदा म्हणून घेतलास. "माझीच चूक मीच खोडत होते," मला सांगताना तुझे डोळे हसून हसून पाण्याने भरले होते. आपल्या आयुष्यात मी यशाची एवढी चांगली खूण दुसरी पाहिली नाही.

मग ती संध्याकाळ.

मुंबईसह महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर उतरले होते तो काळ. मी सकाळीच मुद्रितं घेऊन लालबागला आले होते. वसंत गिरणीतल्या माणसांबरोबर मोर्चाला गेला होता. दुपारी गोळीबाराची बातमी आली आणि पाठोपाठ कर्फ्यू. नाक्यावर पोलिसांची गाडी उभी राहिली. खिडक्यांत उभं राहू नका, म्हणून खालून ओरडून गेले. तुमच्या चाळीला वरचा एकच मजला आणि मजल्यावर दहा खोल्या. त्या दहांतल्या पुष्कळ घरांतला कुणी ना कुणी बाहेर होता. वसंताची चौकशी करायची तर ती रस्त्यात ओरडून करावी लागली असती, आणि त्याचं नाव पोलिसांकडे आधीच गेलेलं. आणि माझ्या दादाला निरोप देण्याचा काही मार्ग नव्हता. त्या दिवशी गिरगावात मीही घरी न आलेलं माणूस होते.

तुझ्या आयेने भात टाकला होता. दिवा लावला. सबंध चाळीत भांड्याचा आवाज नव्हता.

तेवढ्यात मागच्या चाळीतून एका मुलाचा आवाज आला. परवचा सुरू झाला होता. सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस. मला इतकं बरं वाटलं, की आपण कुठे आहोत ते मी विसरले.

"सात चोक एकोणतीस."

"अठ्ठावीस," मी म्हणाले. सवयीने, वर्गात म्हणते तेवढ्या मोठ्याने.

पलीकडे आवाज चढला. "सात चोक एकोणतीस."

"अरे अठ्ठावीस," म्हणत मी खिडकीकडे वळले, आणि तू धावत येऊन माझ्या तोंडावर हात ठेवलास. "एकोणतीसच," असं पलीकडून वैतागून आलं.

"पोर चुकूक नाय गो," आये चुलीपासून म्हणाली. "चार नंबर. आमचो वसंतो."

तू प्रत्येक प्रकरण आधी आयेला वाचून दाखवत होतीस. मुद्रितं तपासताना मी ती खूण दोनदा वाचली होती. तरी त्या मजल्यावर ती समजायला सगळ्यांत जास्त वेळ मला लागला. तुझा हात माझ्या तोंडावरून निघाला. तू खाली बसलीस. पाढा पुढे चाललाच होता. सात नव्वे चौसष्ट, असं आलं आणि नऊ नंबरच्या खोलीत कुणाच्या तरी हातून तांब्या पडला.

पण त्याआधी सहावी ओळ येऊन गेली होती. सात सक बेचाळीस. स्पष्ट आणि बरोबर.

सहा नंबरातले रामभाऊही आले नव्हते. त्यांची बायको पार्वतीबाई दोन दारं पलीकडे बसली होती, आणि तिच्या मुलीने आपली पुस्तकं वाचलेली होती. परवचा संपला. आयेने पार्वतीबाईसाठी एका ताटात भात वाढून घेतला आणि आपल्याला म्हणाली, "मी थय जातंय. तुमी जेवा."

"मालू," तू म्हणालीस, "बरोबर पाढा ऐकून भीती वाटावी, असं काय लिहून ठेवलं गं मी?"

मी दोन ताटं घेतली आणि भात वाढला.

कर्फ्यू उठल्यावर वसंत आला. मागच्या चाळीत एका घराने त्याला आणि आणखी दोघांना आत घेतलं होतं. "तिथल्या पोरांनी विचारलं, काका, तुमचा खोली नंबर काय? मी म्हटलं, चार. तर म्हणे, बसा आता निवांत, काम झालं. मला वाटलं, पोरं थट्टा करतात." बहीण काय लिहिते ते त्याने तोवर कधी वाचलं नव्हतं. त्यानंतर त्याने पहिलं पुस्तक उघडलं आणि वाचून म्हणाला, "बरं आहे. पण ही पोरं चहा फार पितात." रामभाऊही आले, बऱ्याच दिवसांनी, इस्पितळातून, पायाला पट्टी बांधून. पार्वतीबाईने सगळ्या मजल्याला साखर वाटली. पण तू ती खूण पुन्हा कुठल्या पुस्तकात येऊ दिली नाहीस.

मी मात्र त्या संध्याकाळी बदलले. हे मी तुला सांगितलं होतं की नाही, आठवत नाही. मला वाटायचं, काळोखात भिंतीवरून उडी मारतो तो हेर. त्या दिवशी एका मुलाने आपल्या घरात चटईवर मांडी घालून, पोलिसांच्या देखत काम केलं, आणि त्याच्या आईने त्याला बहुधा लगेच जेवायला वाढलं असेल. पुढे मुलांची पत्रं येत, की वेणू संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चात का जात नाही. तू म्हणालीस, "मी तिला तिथे पाठवणार नाही. माझ्यासमोर बाकावर बसतात तसली पोरं आहेत ही." उत्तरं मीच लिहिली. वेणू घरी बसून काय काय करते ते पुन्हा एकदा नीट वाचा, असं मी लिहायची. तुझा नियम तुझ्यापेक्षा मीच जास्त सांभाळायला लागले.

आणि मग तूच तो मोडायला निघालीस.

राज्य झालं त्या दिवसांत लालबागला दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. मी दादाची परवानगी काढून आले होते. आपण दोघी आणि आये नाक्यापर्यंत गेलो. चाळीतल्या सगळ्या पोरी रस्त्यावर होत्या, नव्या परकरांत, एकमेकींच्या गळ्यात हात टाकून. दिवे लागून गेले होते आणि कुणाचीही आई हाका मारत नव्हती. तू कितीतरी वेळ बघत उभी राहिलीस. म्हणालीस, "वेणू आता केवढी झाली असेल गं?"

"चौदा," मी म्हणाले.

"पहिल्या पुस्तकात चौदा. तेव्हापासून आपण तिला वाढूच दिलं नाही."

पावसाळ्यात तू शेवटचं पुस्तक लिहायला घेतलंस. अकरा प्रकरणं झाली आणि तुला कावीळ झाली. मी इस्पितळात यायची तेव्हा तू उशीला टेकून बसलेली असायचीस, डोळे पिवळे, हातात पेन्सिल, आणि भांडायला तयार.

"बाराव्या प्रकरणात वेणू रात्री बाहेर पडेल."

"आणि नियम?"

"नियम लहान मुलांचा होता. ती मोठी झाली."

"वाचणारी मुलं चौदाच वर्षांची आहेत, सिंधू."

"ती काय तेवढीच राहणार आहेत? तुला रात्र हवी होती ना? घे."

"आता नको आहे. चोरून जाणार ती?"

"चोरून कशाला? आईला सांगून."

"आईला सांगितलं तर ती हेर कसली?"

"नसू दे. हेरगिरी किती दिवस करणार? पुढे आणखीही काही करेल ना पोरगी."

शेजारच्या खाटेवरच्या बाईने आपल्याला दोनदा हळू बोलायला सांगितलं. ही वेणू तुमची कोण, असंही विचारलं. "भाची," तू म्हणालीस. "हिची. हिला धाकात ठेवायची आहे."

मग तू म्हणालीस, की हे प्रकरण तू लिही. मी म्हणाले, मला आई आठवत नाही, दादा-वहिनींनी वाढवलं. मुलगी रात्री बाहेर जाते म्हणाली तर आई काय बोलेल, मला काय माहीत? तू म्हणालीस, "मग विचार कुणाला तरी. मास्तरीण आहेस ना." सोमवारी निघताना तू विचारलंस, "काय ठरलं?" मी म्हणाले, "बघू." घंटा झाली होती. तू हात हलवलास.

तो 'बघू' मला अजून पुरता गिळता येत नाही. मला 'हो' म्हणायचं होतं. आणि एक गोष्ट सांगायची होती, जी मला इस्पितळाच्या पायऱ्या उतरताना कळली होती. इतकी वर्षं मी वेणूसाठी रात्र मागत होते ती वेणूसाठी नव्हतीच. ती मला हवी होती. तुमच्या गॅलरीत बसून, चपला न शोधता, एखादं प्रकरण संपेपर्यंत थांबायचं होतं. तुला हे माहीत होतं असं मला वाटतं. पण माहीत असणं आणि मी सांगणं यांत फरक होता, आणि सांगायचं राहिलं.

तेराव्यानंतरच्या शनिवारी मी दादाला म्हणाले, "आज लालबागला चालले आहे. उशीर होईल." तो वर्तमानपत्र वाचत होता. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं. छत्री ने." मी जिन्यात जरा थांबले. इतक्या वर्षांत परवानगी न मागता मी हे वाक्य कधी म्हणून पाहिलंच नव्हतं.

आये तांदूळ निवडत होती. आता ती हळू बोलते. मी तिला सगळं सांगितलं, की बारावं प्रकरण राहिलं आहे, वेणू आईपुढे उभी आहे, आणि तिथे माझं अडलं आहे. आये बराच वेळ सुपातले खडे बाजूला काढत राहिली. मग म्हणाली, "खय जातंस ता इचारूचा नाय. जेवलंस काय, तितक्याच इचारूचा." थोड्या वेळाने म्हणाली, "सिंधूक मी ताच इचारी."

मी तिथेच गॅलरीत बसून लिहिलं. वेणू आईपुढे उभी राहते. मी रात्री बाहेर जाते आहे, म्हणते. आई कुठे ते विचारत नाही. जेवलीस का, एवढंच विचारते. वेणू बसते, नीट जेवते, ताट घासून ठेवते आणि जाते. कुठे जाते ते मी लिहिलं नाही. मला ठाऊक नाही, आणि तुला विचारता येत नाही. तुझ्यासारखं झालेलं नाही. वाक्यं लांब आहेत आणि कुणी थट्टा करत नाही. वसंताने वाचलं. म्हणाला, "मालूताई, यात एकदाही चहा नाही." मग पान खाली ठेवून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

सिंधू, तुझ्यामुळे मला शनिवार मिळाले. लिहिताना हसता येतं हे कळलं. अनोळखी मुलांच्या घरात शिरून त्यांना थोडं धीट आणि थोडं खोडकर करता येतं, हे मी एकटीने कधी केलं नसतं. तुझ्याशी भांडण्यात माझी उत्तम वर्षं गेली आणि त्यातलं एकही मला परत नको आहे.

अकरा प्रकरणं तुझी आहेत, बारावं माझं आहे. हस्तलिखित छापखान्यात गेलं आहे. लालबागला आये आहे, वसंत आहे. मी शनिवारी जाते आणि दिवे लागले तरी ही पानं लिहून होईपर्यंत बसते.